गुंजभर दाब: मेंदूवर टेकणाऱ्या एका मऊ अवजाराचं प्रकरण

इतवारीत सराफा ओळीच्या मागे वजनकाट्यांचं एक दुकान आहे. तिथे मी दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मागितला, तेव्हा गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "सोनं की हिरे?" मी म्हटलं, "मेंदू." त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहून घेतलं, पुढे काही विचारलं नाही. काटा बरोबर आहे हे दाखवायला त्यांनी कप्प्यातून चार-पाच गुंजा काढल्या. लालभडक, एका टोकाला काळा डाग. एक तबकडीवर टाकली. ०.१२ ग्रॅम. "आता यानं कोणी तोलत नाही भाऊ, पण काटा खोटं बोलला तर गुंज सांगते." काट्याबरोबर एक गुंज मी मागून घेतली. तोळ्याचे शहाण्णव भाग केले की एक गुंज, हे शाळेत पाठ केलं होतं. ते असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. गुंजेचं बी विषारी असतं, त्यामुळे ती प्रयोगशाळेत झाकणाच्या डबीतच राहते.

काटा का लागला ते सांगायचं तर आधी ताईबद्दल सांगायला हवं. माझ्या मोठ्या बहिणीची ही वर्गमैत्रीण धंतोलीत मेंदूच्या शस्त्रक्रिया करते. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवतो. आमच्याकडे मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की गोंदिया-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची माणसं नागपूर गाठतात, तेव्हा ताईला फुरसत अशी नसतेच. एकदा जेवताना तिला विचारलं, गाठ काढायची म्हणजे नक्की अवघड काय असतं? तिनं पानातल्या दहीभाताकडे बोट केलं. "यात दही कुठं संपलं आणि भात कुठं सुरू झाला ते दाखव मला."

तिचा रोख ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीकडे होता. या गाठीला स्वतःचं वेष्टण नसतं. मधला गाभा डोळ्यांना कळतो, पण कडेला तिच्या पेशी चांगल्या मेंदूत विरत जातात. कमी काढलं तर गाठ पुन्हा वाढते, जास्त काढलं तर माणसाची बोली किंवा हात जातो. शंका असलेल्या जागेचा कण काढून पॅथॉलॉजीकडे पाठवायचा आणि गोठवलेल्या चकतीचा अहवाल येईपर्यंत थांबायचं, ही जुनी रीत अजून चालते. वीस मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास. आणि उत्तर मिळतं ते त्या एका कणापुरतं.

दुसरा मार्ग चमकणाऱ्या औषधाचा. फाइव्ह-एएलए ऑपरेशनच्या काही तास आधी पाण्यातून पाजतात. त्यातून गाठीच्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं आणि निळ्या उजेडात ते गुलाबी-लाल दिसतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, नंतरच्या एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघालेल्या रोग्यांचं प्रमाण या औषधाने ६५ टक्के होतं, साध्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्के. मोठा फरक आहे. पण सावकाश वाढणाऱ्या, खालच्या श्रेणीच्या गाठी बहुतेक वेळा चमकतच नाहीत, आणि कडेला चमक फिकी होत जाते. दहीभाताचा प्रश्न तिथेच उरतो.

तिसरा मार्ग म्हणजे पेशी जागच्या जागी पाहणं. कॉन्फोकल मायक्रोस्कोपची कल्पना मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली पेटंटसाठी मांडली. एका बिंदूवर प्रकाश टाकायचा आणि त्याच बिंदूतून परतलेला प्रकाश बारीक छिद्रातून आत घ्यायचा. वरच्या-खालच्या थरांतला भटका प्रकाश बाहेरच अडतो. आता हे काम काचतंतूंच्या जुडग्यातून होतं. नळी थेट ऊतीवर टेकवायची, शिरेतून फ्लुरोसीन द्यायचं, निळ्या लेसरने पाहायचं. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या तपासणीला वापरतात तोच हा पिवळा रंग. अशा एका नळीचे आकडे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे: जाडी २.६ मिलिमीटर, एका वेळी दिसणारं वर्तुळ २४० मायक्रॉनचं, दिसणारा थर सुमारे ६० मायक्रॉन खोल, सेकंदाला बाराच्या आसपास चित्रं.

२४० मायक्रॉन म्हणजे पाव मिलिमीटरही नाही. ताईला एका वेळी निदान तीन बाय तीन मिलिमीटरचा तुकडा पाहायचा होता. नुसतं क्षेत्रफळ भागलं तरी दोनशे चित्रं होतात. चित्रं एकमेकांवर चढवायची, म्हणून १२० मायक्रॉनच्या अंतराने पंचवीस ओळी धरल्या. एकूण प्रवास ७५ मिलिमीटर. सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने सव्वा मिनिट. या वेगात दोन चित्रांमध्ये नळी ८३ मायक्रॉन पुढे जाते, म्हणजे जुळणीला भरपूर भाग हाताशी राहतो. कागदावर सोपं आहे. हाताने होत नाही. स्थिर हातालाही सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथर असते आणि तिची झेप शंभर मायक्रॉनच्या घरातली. शिवाय उघडा मेंदू ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर वरखाली होतो, तो कोणाच्या सांगण्याने थांबत नाही.

म्हणून रोबोट, आणि मेंदू नाजूक म्हणून मऊ रोबोट. फुगून हालचाल करणारी रबरी अवजारं नवी नाहीत. मॅककिबेनचा हवेवर चालणारा स्नायू १९५० च्या दशकातला, आणि २०११ मध्ये हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकॉनचे फुगणारे पंजे दाखवल्यावर जगभर लाटच आली. लंडनच्या हॅमलिन सेंटरमध्ये नेमकं हेच, कॉन्फोकल नळी फिरवणाऱ्या यंत्रांचं काम झालं आहे. आपण नवं काही शोधतोय असा आमचा समज नव्हता. आमच्या टेबलावर, आमच्या पैशांत ते कुठपर्यंत जातं, एवढंच बघायचं होतं.

गणित, आणि मग गुंज

काट्याच्या दुकानात जाण्याआधी फळ्यावर एक हिशेब मांडला होता. वर्गात शिकवताना तो दहादा केला असेल, पण मेंदूचे आकडे घालून कधी केला नव्हता. मेंदूचा कडकपणा साधारण एक किलोपास्कल धरतात. रबरबँडचं रबर याच्या हजारपट. २.६ मिलिमीटर व्यासाचं सपाट टोक एक ग्रॅम वजनाने अशा मऊ पृष्ठावर ठेवलं तर ते किती रुतेल? सरळ सूत्राने उत्तर येतं २.८ मिलिमीटर.

मी दोनदा तपासलं. एक ग्रॅम! चिमूटभर साखर. ती एका टोकावर एकवटली तर नळी आपल्या जाडीपेक्षा खोल बुडते, आणि आपल्याला पाहायचा आहे ६० मायक्रॉनवरचा थर. एवढं रुतल्यावर समोरची पेशी आपल्या मूळ आकारात असणं शक्य नाही, बारीक केशवाहिन्या तर दबून बंदच. उलटून विचारलं, एक तृतीयांश मिलिमीटरच्या वर रुतायला नको असेल तर किती दाब चालेल? उत्तर ०.१२ ग्रॅम.

म्हणून इतवारी. काकांनी गुंज टाकली आणि काट्यावर तोच आकडा आला तेव्हा अंगावर काटा आला, हे मान्य करतो. तेव्हापासून आमच्याकडे मिलिन्यूटन (बळाचं एकक, एक म्हणजे साधारण ०.१ ग्रॅमचं वजन) कोणी बोलत नाही. "सर, तीन गुंजा लागून राहिल्या", "आता पाऊण गुंज", असंच चालतं.

सिलिकॉन, उन्हाळा आणि हातमोजे

बांधणीबद्दल फार लांबवत नाही. थ्रीडी प्रिंटरवर साचे काढले, दोन भागांचं सिलिकॉन कालवून ओतलं. मधोमध नळी, तिच्याभोवती तीन फुगे; एक फुगला की नळी त्याच्या विरुद्ध बाजूला सरकते. वर चौथा फुगा, तो नळीला खाली टेकवतो. चारही फुग्यांना इंजेक्शनच्या सिरिंजा, सिरिंजांचे दट्टे ढकलायला स्टेपर मोटरी.

पहिली खेप चिकटच राहिली. तीन दिवस झाले तरी बोट लावलं की तार यायची. ब्रह्मपुरीच्या आमच्या एम.टेक.च्या पोराने लॅटेक्सचे हातमोजे घालून कालवलं होतं. लॅटेक्समधलं गंधक या जातीच्या सिलिकॉनला घट्ट होऊ देत नाही. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि वाचलं मीही नव्हतं.

दुसरी भानगड हवेची. मे महिना. सकाळी कूलर चालू असताना यंत्र जे करायचं ते दुपारी लाईट गेली की करेना. कोंडलेली हवा दहा अंशांनी तापली तर तिचा दाब साधारण तीन किलोपास्कलने चढतो, आणि इथे सगळा व्यवहार त्याच्या पंधराव्या हिश्श्याचा. नागपूरच्या उन्हाळ्यात हवेवर चालणारं हे यंत्र म्हणजे एक बेभरवशाचा थर्मामीटरच. मी ही रड ताईला फोनवर ऐकवत होतो, ती मध्येच तोडून म्हणाली, "हवा? माझ्या टेबलावर हवेचा फुगा आणायचाच नाही. फुटला तर?" मेंदूवरच्या उघड्या शिरेत हवा शिरली तर ती हृदयापर्यंत जाते, हा या शस्त्रक्रियेतला ओळखीचा धोका आहे. त्या दिवशी सिरिंजांत सलाईन भरलं. एका फोनमध्ये उन्हाळा आणि शीर दोन्हींचा बंदोबस्त झाला, आणि पाणी दबत नाही म्हणून हालचालही सुधारली.

सुंदर चित्र

खरी कॉन्फोकल यंत्रणा आमच्या आवाक्याबाहेरची. मोडीत निघालेल्या एका जुन्या एंडोस्कोपमधला, म्हणजे शरीरात घालून पाहायच्या दुर्बिणीतला, काचतंतूंचा जुडगा मिळाला, तो २.६ मिलिमीटरच्या नळीत बसवला. त्यातून पेशी दिसत नाहीत, पण रांगोळीचा कण स्वच्छ दिसतो. मेंदूऐवजी चायना ग्रासची जेली. मेंदूत औषध कसं पसरतं हे पाहणारे संशोधक ०.६ टक्के अगारोज वापरतात, आम्ही त्याच जातीची, ताट हलवलं की थरथरणारी वडी लावली. तिच्यावर लाल रांगोळी भुरभुरली.

यंत्र चाललं. पंचवीस ओळी. सॉफ्टवेअरने चित्रं शेजारी-शेजारी बसवली आणि पडद्यावर एकसंध चौकोन आला. कुठे शिवण दिसत नव्हती, कुठे धूसर नव्हतं. "सर, चित्र तर मस्त येऊन राहिलं," ब्रह्मपुरी म्हणाला. मी ते ताईला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचा अंगठा आला. संध्याकाळी सगळ्यांना तर्री पोहे.

आमच्याकडे काटोलची एक मुलगी आहे, शेवटच्या वर्षाला, बोलते कमी. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. "सर, हा शेपटीवाला कण बघा." खरोखरच एका कणाला बारीक शेपटी होती. "हा पहिल्या ओळीत आहे. हा चौथीत. हा सातवीत." मी म्हटलं, सारखे कण असू शकतात. तिने तिन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले. शेपटी तीच, तिच्या डावीकडचे दोन ठिपके तेच, त्यांच्यातलं अंतरही तेच.

आम्ही जेलीखाली काच ठेवली आणि काचेखाली एक यूएसबी मायक्रोस्कोप. आता नळी काय पाहते ते एका पडद्यावर आणि जेलीत काय होतं ते दुसऱ्या. मोटर चालू केली. खालच्या पडद्यावर रांगोळीचे कण नळीच्या टोकाला चिकटल्यासारखे तिच्याबरोबर निघाले. हुकूम तीन मिलिमीटरचा होता. त्यातला काही भाग रबराच्या वाकण्यात गेला, उरलेला जेलीच्या ओढीत. नळी जेलीवरून सरकतच नव्हती, जेलीला घेऊन जात होती. ताण फार झाला की टुणकन सुटायची, पुढे उडी मारून पुन्हा अडकायची.

मग त्या उड्या चित्रात का दिसल्या नाहीत? कारण उडीत चित्र धूसर येतं, आणि धूसर चित्रं गाळून टाक असं सॉफ्टवेअरला मीच सांगितलं होतं. गाळलेल्या जागा शेजारच्या चित्रांनी भरायच्या, हेही मीच. चोरीचा एकुलता एक साक्षीदार मी दाराबाहेर काढला होता. उरली ती एकाच-दोन जागांची पुन्हा-पुन्हा घेतलेली स्वच्छ चित्रं, मोटरच्या हुकमाप्रमाणे ओळीने मांडलेली. चित्र इतकं स्थिर होतं, कारण ते हललंच नव्हतं.

ताईला पुन्हा फोन. ती थोडा वेळ गप्प राहिली. "म्हणजे अख्खं शेत पाहिलं असं समजून मी एकाच वाफ्यावर उभी राहिले असते." रांगोळीचे कण एकमेकांसारखे दिसतात, तशाच पेशीही. एका स्वच्छ जागेचं चित्र पंचवीसदा पाहून तिने कड मोकळी आहे असं ठरवलं असतं.

कारण

पहिले दोन दिवस आम्ही चुकीच्या जागी खणलं. फुगा गळतोय का, सिलिकॉन ताणल्यावर उशिरा परततं का, मोटर पावलं चुकवते का. सगळं थोडं-थोडं होतंही. पण मूळ दुखणं काट्यावर सापडलं. यंत्राचं टोक तबकडीवर टेकवलं तर आकडा दीड ग्रॅमच्या आसपास नाचत होता. बारा गुंजा!

इथे पुन्हा फळ्याकडे. याच टोकाला एक किलोपास्कलच्या पृष्ठावर आडवं ओढलं तर एका मिलिन्यूटनच्या ओढीने ते पृष्ठ ०.४ मिलिमीटरच्या थोडं वर सरकतं. दीड ग्रॅम दाबाला घर्षणांक ०.३ धरला तर टोक सुटण्याआधी ऊती जवळपास दोन मिलिमीटर ओढली जाते. आपला चौकोनच तीन मिलिमीटरचा. हाच हिशेब एका गुंजेला केला की ओढ ०.१५ मिलिमीटरवर येते, म्हणजे चित्राच्या वर्तुळाच्या आत. दाब कमी केला की घसट आपोआप कमी. वेगळं औषध नको.

दुसरी चूक जास्त खोलवरची होती, आणि ती माझी. मऊ म्हणजे सुरक्षित, असं धरून मी यंत्र सगळीकडूनच मऊ केलं होतं. आडव्या दिशेत मऊ यंत्राला आपलं टोक कुठे आहे ते माहीतच नसतं. ऊतीने जरा अडवलं की ते वाकून गप्प बसतं. आणि ज्या उभ्या दिशेत मऊपणा हवा होता, तिथे ते पुरेसं मऊ नव्हतं. आम्हाला मिळालेलं सगळ्यात मऊ सिलिकॉनही मेंदूच्या पन्नास-साठपट कडक. मऊ रोबोट हे नाव ऐकून लोकांना मेंदूइतकं मऊ काहीतरी वाटतं, तसं काही नसतं. मऊपणा पदार्थातून थोडा येतो, पातळ भिंतीतून आणि घड्यांतून जास्त.

तेव्हा मागणी नव्याने लिहिली. उभ्या दिशेत मेंदू अर्धा मिलिमीटर वर आला तर दाबात फक्त एका गुंजेचा फरक पडावा. आडव्या दिशेत सांगितलेल्या जागी जावं, मध्ये काहीही आलं तरी.

दुरुस्ती

बाजूच्या फुग्यांवर दोरा गुंडाळला. सिलिकॉनच्या नळीवर न ताणणारा दोरा गच्च वेढला की ती जाडीत फुगत नाही, फक्त लांबते. मऊ रोबोटवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. दोरा कोणता, यावर थोडं नाट्य झालं. ब्रह्मपुरीने घरात पडलेल्या मांज्याची रीळ काढली, संक्रांतीची. मी म्हटलं, नायलॉन मांजा या प्रयोगशाळेच्या दारातून आत येणार नाही. या शहरात दर जानेवारीत त्याने माणसांचे गळे कापले जातात, आणि मेंदूच्या अवजारात मांजा हे वाक्य मला कुठल्याही अहवालात लिहायचं नव्हतं. शिंप्याकडचा पॉलिस्टर दोरा पुरला. वेढे सारखे पडायला चार दिवस गेले. काटोलच्या मुलीने आजीच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायची तऱ्हा पाहून एक हाताने फिरवायचा चाप केला, तेव्हा कुठे जमलं.

नळी आडवी सरकताना तिरकी होऊ नये म्हणून दोन पातळ स्टीलच्या पट्ट्या लावल्या. यावर आमच्यात अजून वाद आहे. स्टील आल्यावर याला मऊ रोबोट म्हणायचं का? माझं मत, नाव गेलं खड्ड्यात.

वरचा फुगा काढून तिथे घड्यांचा पातळ पडदा बसवला, पापडासारखा, एकात एक गोल वळ्या असलेला. तो काट्यावर घेऊन बसणं हे या सगळ्यातलं माझं आवडतं काम ठरलं. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, आकडा वाचायचा. भिंत जाड झाली की तीन-चार गुंजा, पातळ झाली की पाण्याच्या वजनाने स्वतःच लोंबते. सातवा पडदा जमला. टोकाभोवतीची सिलिकॉनची चिकट कॉलर काढून टाकली, काचेच्या कडा गोल घासल्या, आणि सलाईनचा थेंब टोकाशी पोचत राहील अशी बारीक वाट ठेवली.

सॉफ्टवेअरमध्ये एकच बदल केला. गाळलेलं चित्र भरायचं नाही, तिथे काळं भोक ठेवायचं. जुळणी मोटरच्या हुकमावरून नाही, चित्रात खरोखर जे सरकलं त्यावरून करायची.

त्यानंतरचा पहिला चौकोन पाहून ब्रह्मपुरीचा चेहरा पडला. "सर, हे तर लय खराब दिसून राहिलं." ओळी वाकड्या, मधे काळे ठिपके, एका कोपऱ्यात पट्टाच गायब. शेपटीवाला कण शोधला. तो फक्त शेजारच्या दोन ओळींत होता, जिथे असायला हवा तिथेच.

एक पर्याय आम्ही सोडून दिला, तोही नोंदवतो. सरकवायचंच नाही, उचलायचं-पुढे न्यायचं-ठेवायचं. ओढीचा प्रश्नच मिटतो. पण प्रत्येक वेळी टेकल्यावर जेली स्थिरावायला सेकंदभर घेते. दोनशे जागांना मिळून पाच मिनिटं लागत होती. ताई म्हणाली, "पाच मिनिटं त्या एका चौकोनाला? आणि मी काय तोवर हात बांधून उभी राहू?"

खरं भेजं

जेलीला ठोका नसतो, तो आम्ही दिला. तळाशी चपटी पिशवी, मिनिटाला बहात्तर वेळा पाणी आत-बाहेर. वळ्यांचा पडदा त्याच्याबरोबर मुकाट वरखाली होत राहिला, काट्यावर अर्धी ते दीड गुंज. या एका गोष्टीसाठी तरी मऊपणाची सगळी उठाठेव सार्थकी लागली, कारण हेच काम कडक यंत्राकडून करून घ्यायचं तर ठोक्याच्या वेगाने मोजणारी आणि मागे घेणारी यंत्रणा लागली असती.

मग बोकडाचं भेजं. सकाळी साडेसहाला मटणाच्या दुकानात, थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन. "अख्खं पाहिजे, चिरा नको," असं सांगितल्यावर दुकानदाराने विचारलं, "पाहुणे आहेत का सर?" सावजी मसाल्यात जायची वस्तू आमच्या टेबलावर आली. वरचं पातळ आवरण ओलं, चकचकीत, बोटाखाली रेशमाच्या ओल्या कापडासारखं. पहिल्या यंत्राने हे आवरण एका ठिकाणी ओरखडलं होतं, नखाएवढी चीर. ते डोळ्यांनी पाहिल्यावर दीड ग्रॅम म्हणजे काय ते पोरांना वेगळं सांगावं लागलं नाही. नव्या यंत्राने चीर पडली नाही.

पण मेंदू जेलीसारखा सपाट नसतो. नळी घळीवर आली की टोक अधांतरी, चित्र काळं. रक्तवाहिनीवर चढली की एका बाजूने उचललेली. तीन मिलिमीटरच्या चौकोनात अशी एक घळ आली की पाच-सहा ओळी गेल्याच. यावर तोडगा आमच्याकडे नाही. काळी भोकं दाखवणं एवढंच सध्या करतो.

जुलैत ताई प्रयोगशाळेत आली. पावसाने कपडे भिजलेले, तशीच टेबलाशी बसली आणि तासभर फक्त दोष काढले. तिच्या ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपची भिंगं मेंदूपासून वीत-दीड वीत वर असतात, मधल्या जागेत तिचे दोन्ही हात. आमचं धूड तिथे मावणार नाही, नजरही अडवेल. सिलिकॉन १२१ अंशांच्या वाफेत टिकतं, पण दोरा, डिंक आणि आतल्या ओल्या वाटा यांचं काय? वर रक्ताचा पातळ थर आला की निळा प्रकाश तो गिळून टाकतो, तेव्हा धुण्याची सोय टोकाशीच हवी, थेंबाने भागणार नाही. रोगी अचानक हलला तर एका हाताने, एका सेकंदात हे बाहेर निघायला हवं. पोरं वहीत लिहून घेत होती. मायक्रोस्कोपच्या वाटेतून बाजूला होणारा वाकडा दांडा आता ब्रह्मपुरीकडे आहे, धुण्याची वाट काटोलकडे. वाफेचं मी बघतोय. पहिल्या फेरीत डिंक सुटला.

निघताना तिला ती डबी दिसली. "ही तुमची गुंज?" मी तिला डोळे मिटायला सांगितलं, तिची तर्जनी टेबलावर उताणी ठेवली आणि चिमट्याने गुंज अलगद टोकावर ठेवली. वीस वर्षं याच बोटांनी ती मेंदू हाताळते आहे. कूलरची घरघर चालू होती, पोरं श्वास रोखून उभी.

"ठेव ना," ताई म्हणाली.

"केव्हाची ठेवली," काटोलच्या मुलीने सांगितलं.